मोरीतली दांडी, बँकेतली सही: ज्येष्ठांच्या काळजीबद्दल वाचकांचे प्रश्न

आलेल्या पत्रांपैकी सात पत्रं इथे घेतली आहेत. मजकूर थोडा आवरला आहे आणि नावं काढली आहेत. औषधांची मात्रा या सदरातून सांगत नाही, ती रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायची.

सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. जुन्या इमारतीत आमच्या दोन खोल्या, मोरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आणि संडास पॅसेजच्या टोकाला. दोन महिन्यांत त्या दोनदा पडल्या, दोन्ही वेळा पहाटे. सुदैवाने हाड मोडलं नाही. मिस्टरांनी मोरीत रबराचं, हवेने चिकटणारं हँडल लावलं आहे. एवढं पुरेल का?
— एक सून, लालबाग

नाही पुरणार, आणि ते हँडल आजच काढून टाका. टाइलच्या सांध्यावर किंवा खडबडीत पृष्ठभागावर त्याची पकड केव्हा सुटेल ते सांगता येत नाही. नसलेल्या आधारापेक्षा ऐनवेळी निसटणारा आधार वाईट, कारण माणूस त्याच्यावर विसंबून पूर्ण भार टाकतो. टॉवेलच्या दांडीचंही तेच.

स्टेनलेस स्टीलची दांडी घ्या. जाडी सव्वा ते दीड इंच, भिंतीपासून दीड इंच अंतर, जमिनीपासून उंची ३३ ते ३६ इंच. ही मापं सर्वसाधारण आहेत. सासूबाईंना चप्पल घालून उभं करा, हात सैल सोडायला सांगा. मनगट जिथे येतं त्याच्या आसपास त्यांची दांडी. खरी मेख भिंतीत आहे. जुन्या इमारतीतली आतली भिंत बहुधा साडेचार इंची विटेची असते, वर गिलाव्याचे थरावर थर आणि आत पोकळी. प्लंबर प्लास्टिकची गिट्टी ठोकून स्क्रू पिळतो, तो गिलाव्यातच अडकतो आणि वजन आलं की टाइलसकट बाहेर येतो. विटेपर्यंत जाणारे अँकर फास्टनर (आत फुगून पकड घेणारे धातूचे बोल्ट) मागा. भिंत अगदीच भुसभुशीत असेल तर आरपार बोल्ट आणि पलीकडच्या बाजूला लोखंडी पट्टी. बसवून झाल्यावर घरातल्या धडधाकट माणसाने दोन्ही हातांनी लोंबकळून बघायचं. हलली तर पैसे देऊ नका.

मोरीच्या कठड्याकडेही बघा. पाय उचलून ओलांडावा लागणारा चार-सहा इंचांचा कठडा आणि पलीकडे ओली फरशी ही पडण्याची ठरलेली जागा. दांडी कठड्याच्या नेमकी बाजूला, उभी लावा. आत बसून आंघोळीसाठी रबरी बुटांचा, पाठ असलेला स्टूल ठेवा. दारातलं कापडी पायपुसणं काढा. अंगाला तेल लावून मोरीत जाण्याची सवय असेल तर तेल बाहेर चोळा, तळपाय कोरडे पुसा आणि मगच आत पाठवा. दिवाळीच्या पहाटे हे विशेष सांभाळायचं.

पण दोन्ही वेळा पहाटे पडल्या, हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. झोपेतून उठून उभं राहताना रक्तदाब एकदम उतरत असणार, अशी शंका घ्यायला हवी. घरच्या मशीनवर बघता येतं: पाच मिनिटं आडवं राहिल्यावर एकदा मोजायचं, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तिन्ही नोंदी आणि घरातली सगळी औषधं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या यांच्याकडे आधी बोट जातं. मनाने बंद करू नका. मात्र लघवीची गोळी रात्री दिली जात असेल तर ती सकाळी देता येईल का, हे विचाराच. रात्रीच्या दोन फेऱ्या वाचतात. तोवर नियम एकच: जाग आली की दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसायचं, घोटे वर-खाली हलवायचे, मग उठायचं.

पॅसेजच्या टोकाचा संडास रात्रीपुरता बंद. पलंगाशेजारी भांडं असलेली कमोड खुर्ची ठेवा, मागचे पाय भिंतीला टेकवून. चाकांची घेऊ नका. ‘घरात कसं बसू’ हा संकोच पहिले चार दिवस असतो. पडदा लावा आणि भांडं कोण, किती वाजता रिकामं करणार ते ठरवून टाका. ते ठरलेलं नसलं की त्या लाजेखातर गुपचूप पॅसेजकडे निघतात.

पुन्हा पडल्याच तर काखेत हात घालून ताबडतोब उचलू नका. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, मांडीच्या सांध्यात दुखतंय म्हणाल्या, तर खुब्याचं हाड मोडलं असं धरून चाला. शस्त्रक्रिया लागली तर ती शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी. डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बोलत-चालत असल्या तरी सीटी स्कॅन करून घ्या. मेंदूवरच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साचतं, लक्षणं दोन-तीन आठवड्यांनीही दिसू शकतात.

आईला पक्षाघात झाला. ती अंथरुणाला खिळून आहे, वजन साधारण ५० किलो. एअर बेड आणली आहे, आया पुरवणाऱ्या ब्युरोतून २४ तासांची मावशी ठेवली आहे, तरी माकडहाडापाशी लाल चट्टा आलाच. मावशी पावडर लावून चोळते. काय चुकतंय?
— मुलगी, डोंबिवली (नोकरी फोर्टला)

चोळणं आधी थांबवा. लाल भागावर बोट दाबून सोडा. क्षणभर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर वेळ हातात आहे. लालच राहिला तर ती जखमेची पहिली पायरी समजा. खालचे पेशीजाल दुखावले आहे आणि चोळल्याने ते आणखी फाटतं. पावडर घामात भिजून गोळे होतात, तेही टोचतात. गोल रिंगची उशी कुणी सुचवली तर घेऊ नका, तिच्या कडा रक्तपुरवठा तोडतात.

एअर बेडबद्दल एक मोठा गैरसमज आहे की ती आणली म्हणजे कूस बदलायला नको. तसं नाही. शिवाय ती नीट चालते की नाही हे कुणी बघत नाही. आई झोपलेली असताना माकडहाडाखाली, गादीच्या तळाशी हात सरकवा. हात आणि अंग यांच्यात इंचभर तरी हवेचा थर जाणवायला हवा. नाही जाणवला तर पंपाचं बटण वजनाप्रमाणे लावलेलं नाही किंवा नळी दुमडली आहे. वर जाड गोधडी, त्यावर प्लास्टिक, त्यावर चादर असा थर असेल तर हवेचा उपयोगच राहत नाही. एक पातळ सुती चादर पुरे. वीज गेली की गादी बसते, तेव्हा खाली नेहमीची गादी हवी.

दर दोन तासांनी कूस बदलायची: डावी, पाठ, उजवी. चट्टा जाईपर्यंत पाठीवर ठेवू नका, डावी-उजवीच करा. पूर्ण कुशीवर नको, कारण मग कंबरेच्या बाजूचं हाड टोचतं. पाठीमागे उशी खोचून साधारण ३० अंशांचा कल द्या. पोटऱ्यांखाली लांबट उशी अशी ठेवा की टाचा अधांतरी राहतील. पक्षाघात झालेला हात अंगाखाली दबलेला नाही ना, ते दर वेळी बघा. भरवण्याची वेळ सोडून पलंगाची डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा जास्त उचलून ठेवू नका. शरीर खाली घसरतं, कातडी चादरीला चिकटून मागे राहते, आणि पुष्कळ जखमा अशा ओढीतूनच होतात. वर सरकवताना काखेत धरून ओढायचं नाही. कंबरेखाली दुहेरी घडीची आडवी चादर ठेवा, दोघांनी दोन्ही टोकं धरून उचला.

आता अन्न. जखम भरायची तर प्रथिनं लागतात, आणि भाताची पेज व नारळपाणी यांत ती जवळजवळ नसतात. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर ५० किलोला रोज ६० ते ७५ ग्रॅम धरा. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढीच, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. हिशेब मांडून बघितलात तर घरात दिलं जातं ते बहुधा निम्मंही नसतं. पाणी पिताना ठसका लागत असेल तर मात्र थांबा. पक्षाघातानंतर गिळण्याची यंत्रणा बिघडते आणि पातळ पदार्थ श्वासनलिकेत जातात. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली झुकवून, अर्धा-अर्धा चमचा घट्टसर पदार्थ द्या आणि नंतर अर्धा तास बसतं ठेवा. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्टकडून करून घ्या. नाकातून नळी असेल तर एका वेळी २०० ते २५० मिलीपेक्षा जास्त नको, आधी व नंतर २० ते ३० मिली पाणी, आणि नळीवरची खूण नाकपुडीपाशी होती तिथेच आहे ना ते बघून मगच द्यायचं. ती सरकली असेल तर काही देऊ नका.

राहिला मावशीचा प्रश्न, आणि आमच्या मते खरी गोम इथे आहे. ‘२४ तास’ म्हणजे एक बाई चोवीस तास जागी, असं होत नाही. तिला रात्रीची सलग सहा-सात तास झोप मिळालीच पाहिजे. मग रात्री दर दोन तासांनी कूस कोण बदलणार? दोन बारा-बारा तासांच्या पाळ्या लावा. परवडत नसेल तर रात्रीच्या दोन वेळा घरच्यांनी उठायचं आणि तसं तिला स्पष्ट सांगायचं. ‘तिने करायला हवं’ असं मनात धरून कुणीच न उठण्यातून हा चट्टा आला असावा.

पलंगाशी वही टांगा: वेळ, कूस, लघवी, शौच, किती खाल्लं. कामाची वाटणीही लिहून घ्या. आया अंग पुसेल, डायपर बदलेल, भरवेल. नाकातली नळी घालणं, इंजेक्शन, लघवीची नळी बदलणं हे प्रशिक्षित नर्सचं काम, ‘मावशीला येतं’ म्हणून करून घेऊ नका. ब्युरोकडून ओळखपत्राची प्रत व पोलीस पडताळणी मागा. पगारातून ब्युरोचं कमिशन किती, अनामत परत मिळणार का, आणि गणपती, शिमगा, मे महिना या दिवसांत ती गावी गेली तर बदली कोण देणार, हे पहिल्याच दिवशी कागदावर घ्या. चहा-जेवण, आठवड्याची सुट्टी आणि झोपायची जागाही. तिचं अंथरूण स्वयंपाकघराच्या दारात असेल तर ती महिनाभरात जाणार.

जखम उघडी झाली, वास आला, ताप आला, तर घरगुती उपाय थांबवा. हळद, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काही त्यात घालू नका.

वडील ८१ वर्षांचे. रविवारपर्यंत ठणठणीत, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. मंगळवारपासून रात्री ‘गाडी चुकेल’ म्हणत चपला घालून दाराशी उभे राहतात, दिवसा झोपून असतात. शेजारी म्हणतात, अल्झायमर. कुठल्या डॉक्टरांकडे न्यायचं?
— मुलगा, बोरिवली

अल्झायमर दोन दिवसांत होत नाही. तो महिन्या-वर्षांनी उतरत जातो. असं अचानक बरळणं, घटकेत शुद्धीवर आणि घटकेत भलतीकडे, रात्रीचा दिवस झालेला, याला डॉक्टर डेलिरियम म्हणतात. बहुधा मेंदू नव्हे, बाकीचं शरीर बिघडल्याची ती खूण असते. म्हणून आधी फिजिशियन, आणि आजच.

आधी दोन गोष्टी तपासा. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात उचलून धरता येत नाही, शब्द अडखळतात, यांतलं काही असेल तर पक्षाघात समजून सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्या. रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुदत लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तास असते. मधुमेही असतील तर लगेच साखर मोजा. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर साखरपाणी द्या.

हे दोन्ही नसेल तर मग शोध. शेवटची लघवी कधी झाली? प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने सर्दीची साधी गोळी घेतली तरी लघवी तुंबू शकते, आणि त्याच गोळीने म्हाताऱ्या मेंदूला भ्रमही होतो. औषधाच्या दुकानातून आणलेल्या अशा गोळ्या कुणी यादीत धरत नाही, म्हणून मुद्दाम विचारा. शौच किती दिवस झालं नाही? गेल्या पंधरवड्यात कुठली गोळी सुरू झाली किंवा अचानक बंद झाली? रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी सोडियम उतरतं. मुंबईच्या दमट उकाड्यात घाम भरपूर आणि पाणी व जेवण कमी, की ते आणखी बिघडतं. लघवीची तपासणी, रक्तपेशी, सोडियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि छातीचा एक्स-रे एवढ्यात बरीच उत्तरं मिळतात.

घरी चष्मा आणि कानाचं यंत्र लावून ठेवा. ते काढून ठेवल्याने भ्रम वाढतो. घड्याळ दिसेल असं ठेवा, दिवसा खिडकी उघडी, रात्री मंद दिवा. गाडी चुकेल म्हणाले तर वाद घालू नका. ‘गाडी उशिरा आहे, तोवर चहा घेऊ’ म्हणा. बांधून ठेवायचं नाही. कारण सापडून उपचार झाले तरी पूर्ववत व्हायला काही आठवडे लागू शकतात. त्यानंतरही विसराळूपणा राहिला तर स्मृतीची रीतसर तपासणी करा, सोबत थायरॉइड आणि बी-१२ ही. सरकारी सोय हवी असेल तर जे. जे. रुग्णालयात वृद्धांसाठी स्वतंत्र विभाग आहे.

तिसरा मजला, लिफ्ट नाही, लाकडी जिना जेमतेम तीन फूट. आजोबांना हृदयाचा त्रास आहे. रात्री-अपरात्री खाली न्यायची वेळ आली तर? स्ट्रेचर वळणावर वळत नाही.
— नातू, गिरगाव

खुर्चीवरून न्या. लाकडी किंवा लोखंडी, पाठ उंच, चाकं नसलेली. प्लास्टिकची खुर्ची तिरकी धरली की पाय फाकतात. आजोबांना बसवून छातीपाशी आणि मांड्यांपाशी चादरीने खुर्चीला बांधा. श्वास आवळला जाणार नाही इतपतच. हात छातीवर घडी घालून, नाहीतर ते अभावितपणे कठडा धरतात आणि सगळे एकदम तोल घालवतात. आजोबांचं तोंड उताराकडे. खुर्ची मागे कलवून वरच्या माणसाने पाठ धरायची, खालच्याने पुढचे पाय धरून उलट्या पावलांनी उतरायचं. तिसऱ्याने खालच्याच्या पाठीशी राहून कंबरेला हात लावायचा आणि पायऱ्या मोजत सांगायचं. एकदा दिवसा रिकाम्या खुर्चीने, मग नातवंडांपैकी कुणाला बसवून सराव करा. वळणावर कुंडी, सायकल, जुना फ्रिज असेल तर चाळ समितीशी आत्ताच बोला.

छातीत दुखत असताना किंवा दम लागला असताना आजोबांना एक मजलाही चालवू नका, आणि दम लागलेल्याला आडवंही करू नका. खुब्याचं किंवा मणक्याचं हाड मोडल्याची शंका असेल तर मात्र खुर्ची नको. १०८ ला फोन करून ‘तिसरा मजला, लिफ्ट नाही, अरुंद जिना’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. महाराष्ट्रात या गाडीबरोबर डॉक्टर असतो, हाड बांधून घेऊन मग हलवता येतं. दाराच्या खिळ्याला एक पिशवी कायम: आधारची प्रत, जुना ईसीजी, औषधांची यादी, मेडिक्लेमचं कार्ड.

आई ७२, बाबा ७६. बाबांना चांगलं पेन्शन आहे. ७० वर्षांवरच्यांना पाच लाखांचं कार्ड मिळतं म्हणतात, ते आम्हाला मिळेल का? मिळालं तर मेडिक्लेम बंद करावा का? हप्ता फार वाढला आहे.
— वाचक, ठाणे

कार्ड मिळेल. आयुष्मान वय वंदना कार्डाला उत्पन्नाची अट नाही. २९ ऑक्टोबर २०२४ ला ते सुरू झालं. वय आधार कार्डावरून धरतात, म्हणून तिथली जन्मतारीख आधी तपासा. आयुष्मान ॲपवरून किंवा नोंदणी केंद्रावर आधारची ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) करून कार्ड निघतं. चौकशीचा क्रमांक १४५५५. पाच लाख दोघांना मिळून, वर्षाला. प्रत्येकी नाहीत. बाबा केंद्र सरकारचे निवृत्त असून सीजीएचएस (केंद्र सरकारची आरोग्य योजना) घेत असतील तर दोहोंतलं एक निवडावं लागेल. खासगी मेडिक्लेम मात्र सोबत चालतो.

मेडिक्लेम बंद करू नका, असं आमचं स्पष्ट मत. हे कार्ड योजनेत असलेल्या रुग्णालयात भरती झाल्यावरच चालतं. बाह्यरुग्ण तपासणी, महिन्याच्या गोळ्या, घरची आया यांतलं काही त्यात येत नाही. शिवाय एखादं रुग्णालय योजनेत असलं तरी सगळ्या विभागांसाठी असेलच असं नाही. ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर आधी जाऊन तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) ‘हीच शस्त्रक्रिया, याच विभागात होते का’ असं विचारा. मेडिक्लेम एकदा सुटला की नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा नव्याने सुरू होऊ शकते. १ एप्रिल २०२४ पासून नवी पॉलिसी घ्यायला ६५ वर्षांची वरची मर्यादा राहिलेली नाही, हे खरं. पण कंपनीने होच म्हटलं पाहिजे असं त्यातून निघत नाही.

हप्त्याबद्दल: ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते, हा आदेश जानेवारी २०२५ चा. आणि वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे. नूतनीकरणाच्या कागदावर हे दोन्ही पडताळून बघा. तरी झेपत नसेल तर पॉलिसी सोडण्यापेक्षा विम्याची रक्कम कमी करा किंवा ठरावीक वाटा स्वतः भरण्याचा पर्याय घ्या.

बाबांना डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) निदान झालं आहे, अजून सुरुवात आहे. बँकेत सही जुळत नाही म्हणून चेक परत आला. वकिलांकडून कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं तर पुढची काळजी मिटेल ना? राहतं घर आत्ताच माझ्या नावे बक्षीसपत्राने करून द्यायची त्यांची इच्छा आहे.
— मुलगा, मुलुंड

मिटणार नाही, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. करून देणारा माणूस मानसिकदृष्ट्या अक्षम झाला की साधं कुलमुखत्यारपत्र कायद्याने संपतं, म्हणजे ज्या दिवशी त्याची गरज पडते त्याच दिवशी. त्यानंतर पालक म्हणून नेमणूक करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. वैद्यकीय अहवाल, मालमत्तेची यादी, इतर वारसांची संमती असा तो लांबचा रस्ता आहे.

म्हणून बाबांना समजतंय तोवर कामं उरकून घ्या. पहिलं, खाती आणि मुदतठेवी आई किंवा तुमच्यासह संयुक्त करा, ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला’ या सूचनेसह. मुदतठेवीवर ती सूचना वेगळी द्यावी लागते, हे विसरतात. नामनिर्देशन म्हणजे खातं चालवण्याचा अधिकार नव्हे, तो मृत्यूनंतरच कामाला येतो. पेन्शनचं खातंही जोडीदारासह संयुक्त ठेवता येतं. सही थरथरते पण समज शाबूत आहे अशा खातेदाराचा अंगठा बँकेने स्वीकारायचा असतो. अंगठा देणंही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो, दोन साक्षीदारांनी ओळखलेला आणि त्यांतला एक बँकेचा अधिकारी. काउंटरवर नाही म्हणाले तर शाखा व्यवस्थापकाकडे लेखी द्या. ७० वर्षांवरच्यांना घरपोच बँक सेवेसाठीही रिझर्व्ह बँकेची सूचना आहे.

दुसरं, मृत्युपत्र. त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नसली तरी निदान झालेलं असताना करून घ्या, आणि त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा की त्यांना आपण काय करतोय ते समजतं. प्रकृतीमुळे जाता येत नसेल तर दुय्यम निबंधकांना घरी बोलावण्याची तरतूद आहे.

बक्षीसपत्र मात्र घाईने नको. महाराष्ट्रात मुलाला राहतं घर बक्षीस द्यायला मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, म्हणून सगळे तिकडे वळतात. पण मालकी त्याच दिवशी जाते. पुढे भांडण झालं, तुम्हाला काही झालं, तर आई-बाबा स्वतःच्या घरात परके. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ असं हस्तांतरण रद्द करू शकतं, पण सांभाळ करण्याची अट असेल तरच. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट असणं आवश्यक ठरवलं. जानेवारी २०२५ च्या निकालात कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने सैल हाताने लावला, तरी तिथेही सांभाळ करण्याचं लेखी वचन होतंच. करायचंच असेल तर ‘दोघांना तहहयात राहण्याचा हक्क’ आणि ‘देखभाल न केल्यास रद्द’ ही दोन्ही कलमं शब्दशः घाला. आमचा सल्ला मृत्युपत्राचाच.

त्याच कायद्याखाली पोटगीचा अर्ज प्रांत (उपविभागीय अधिकारी) दर्जाच्या अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे होतो. कमाल १०,००० रुपये महिना, निकाल ९० दिवसांत अपेक्षित. तुम्हाला त्याची गरज नाही. पण याच पानावर नजर टाकणाऱ्या कुणाला असेल तर ‘एल्डर लाइन’ १४५६७ वर पहिली माहिती विनामूल्य मिळते.

वडील गिरणीतून निवृत्त. बोटांचे ठसे इतके झिजलेत की हयातीचा दाखला मशीन घेतच नाही. दर नोव्हेंबरला रांग आणि वैताग.
— मुलगी, परळ

ठसा सोडा, चेहऱ्याने द्या. अँड्रॉइड फोनवर ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन्ही ॲप घ्या. आधी तुमची, म्हणजे फोन चालवणाऱ्याची, नोंद होते, मग वडिलांची. हाताशी आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन आदेशाचा) क्रमांक, खाते क्रमांक ठेवा. खिडकीकडे तोंड करून बसवा, पाठीमागे उजेड नको, चष्मा काढा आणि पापण्या मिटून उघडायला सांगा. बहुतेक वेळा फसतं ते पापणी अर्धवट मिटल्याने किंवा फोन फार जवळ धरल्याने. वडिलांचं पेन्शन भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतलं असेल तर त्यांना नोव्हेंबरची सक्ती नाही. दाखला वर्षात केव्हाही द्या, दिल्या दिवसापासून १२ महिने चालतो, त्यामुळे रांग नसलेला महिना निवडा. सरकारी पेन्शन असलेल्या ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. फोनचं जमत नसेल तर पोस्टमन घरी येऊन करून देतो.